सिल्व्हरलाइट पहिल्यापासून शिकायचं आहे – फौंड्रीतला जुना प्रोग्राम हाती आलाय

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातली. इंजिनिअरिंग संपवून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला लागले आहे. कॉलेजात जावा, पायथन आणि थोडंफार वेब झालं होतं. इथे आल्या आल्या साहेबांनी एक जुना प्रोग्राम दाखवला आणि "आता हे तू बघायचं" म्हणाले. तो सिल्व्हरलाइटमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये प्लग-इन टाकून चालणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्रात आहे.

प्रोग्राम खरंच छान आहे. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक, टाकला की त्या हीटच्या धातूतल्या घटकांचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, किती मोल्ड ओतले, फेटलिंगनंतर, म्हणजे नग घासून साफ केल्यावर, किती बाद झाले, कुठल्या पॅटर्नवर, म्हणजे साच्याच्या नमुन्यावर, जास्त रिजेक्शन येतंय हे सगळं एका पडद्यावर दिसतं. आलेखसुद्धा आहेत. शॉपमधले लोक तो डोळे झाकून वापरतात.

अडचण अशी की तो फक्त दोन जुन्या मशीनवर, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडतो. नव्या मशीनवर क्रोममध्ये कोरी चौकट येते आणि प्लग-इन टाका म्हणून सांगते. लिहिणारे गृहस्थ केव्हाच परदेशी गेले. सोर्स कोड कोणाकडे नाही. सर्व्हरवर एक झॅप फाइल, म्हणजे तयार प्रोग्रामचं गाठोडं, आहे आणि शेजारी सर्व्हिसच्या, म्हणजे डेटाबेसमधून माहिती आणून देणाऱ्या भागाच्या, काही फाइली.

मला हे टाकून द्यायचं नाही, आतून समजून घ्यायचं आहे. खरं सुरुवात कुठून करू? नेटवरचे धडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, त्यातली चित्रं गायब, दुवे बंद. मराठीत काही सापडलं नाही, म्हणून इथे विचारते.

चंदगडी

ताई, मी पुण्यात वेबचंच काम करतो, म्हणून मोकळेपणाने सांगतो. सिल्व्हरलाइटचा आधार मायक्रोसॉफ्टने 12 ऑक्टोबर 2021 ला संपवला. क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लग-इन 2015 मध्येच काढले, फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये. इंटरनेट एक्सप्लोरर 11 जून 2022 मध्ये निवृत्त झाला. आता तिथे सुरक्षेची भोकं बुजवणारं कोणी नाही.

तुमच्या नोकरीची ही पहिली वर्षं आहेत. ती मेलेल्या गोष्टीवर घालवू नका. साहेबांना समजावा, डेटाबेस तोच ठेवा आणि पडदे नव्याने एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्ये करा. रिअ‍ॅक्ट घ्या, अँग्युलर घ्या, तुम्हाला पुढे कुठेही उपयोगी पडेल.

टिळकवाडी_तिसरं_गेट

चंदगडीभाऊंच्या तारखा सगळ्या बरोबर आहेत, आणि नवीन लिहावं लागेल हेही खरं. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. नवीन लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं, हे कोणाला माहीत आहे? रिजेक्शनची टक्केवारी नगांवर काढायची की वजनावर? पाळी बदलताना ओतलेली हीट कुठल्या पाळीच्या नावावर धरायची? असे निर्णय त्या गृहस्थांनी त्या वेळच्या फोरमनजवळ बसून घेतले असणार. ते कुठल्याही कागदावर नसतील. कोडमध्ये आहेत, आणि फक्त तिथेच आहेत. न वाचता पडदे नव्याने केले, तर दिसायला तसंच दिसेल आणि आकडे वेगळे येतील. म्हणून ताई, तुम्ही शिका. मनापासून शिका.

आता सुरुवात. आधी हे बनलं का, ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय याची रचना विचित्र वाटते.

2007 च्या आसपास ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नव्हता, चित्र काढायची सोय प्रत्येकात वेगळी होती, आणि एकच पान दोन ब्राउझरमध्ये दोन तऱ्हांनी दिसायचं. ती उणीव फ्लॅश भरून काढत होता, आणि फ्लॅशवर धंद्याचे मोठे प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून फ्लेक्स आलं होतं. त्याला उत्तर म्हणून मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2007 मध्ये सिल्व्हरलाइट आणलं. पहिली आवृत्ती जावास्क्रिप्टनेच हाकायची होती. मोठा बदल झाला ऑक्टोबर 2008 मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत. प्लग-इनच्या आत मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या व्यासपीठाचं छोटं रूप बसलं आणि सी शार्प भाषेत लिहिता यायला लागलं. आमच्यासारखे जे विंडोजवर बिलिंग आणि स्टॉकचे प्रोग्राम लिहायचे, त्यांना हातातल्याच भाषेत वेबवर जाता आलं. प्लग-इन पाच एमबीच्या आत, एकदा टाकला की काम झालं. तुमच्या फौंड्रीत हा का आला असेल, त्याचं उत्तर बहुधा हेच.

2009 मध्ये तिसरी आवृत्ती आली, तिच्यात ब्राउझरच्या बाहेर चालायची सोय होती. 2010 मध्ये चौथी, तिच्यात छपाई. डिसेंबर 2011 मध्ये पाचवी, ती शेवटची.

उद्या सवडीने कोडकडे वळतो. तोवर एक काम करा. मालकांकडून लेखी परवानगी घ्या की त्यांच्याच प्रोग्रामची फाइल उघडून अभ्यास करायला त्यांची हरकत नाही. आणि झॅप फाइल, सर्व्हिसचं फोल्डर, डेटाबेसचा बॅकअप, तिन्हींच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ही दोन कामं झाल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

निपाणी_बसस्टँड

मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटर-नेटवर्क बघतो. आमच्याकडंबी असलाच एक प्रोग्राम हाय. ताई, ती दोन जुनी मशीनं बंद पडायच्या आधी एवढं करून घ्या.

नव्या विंडोजवर एज ब्राउझरमध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' असतो. त्यात सिल्व्हरलाइट चालतं. एजच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझरच्या पानावर जुन्या मोडात पान उघडायची परवानगी द्यायची, आणि तुमच्या प्रोग्रामचा पत्ता यादीत घालायचा. अशी हातानं घातलेली नोंद 30 दिवसच टिकते, मग पुन्हा घालावी लागते. सारखं करायचं नसेल तर कंपनीची साइट-यादी एक्सएमएल फाइलमध्ये करून पॉलिसीतनं लावा, तिला मुदत नसते. हा मोड निदान 2029 पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. तेवढा वेळ तुमच्या हातात हाय.

खरं प्लग-इनची इन्स्टॉल फाइल आता मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मिळत नाही. भलत्या साइटवरून उतरवू नका, त्यात काय भरलेलं असेल सांगता येत नाही. ऑफिसच्या जुन्या सीडी, पेन ड्राइव्ह, सर्व्हरचं डाउनलोड फोल्डर धुंडाळा. बऱ्याच ठिकाणी लिहिणाऱ्यानंच ती फाइल प्रोग्रामशेजारी ठेवलेली असते. सापडली तर उघडण्याआधी फाइलच्या गुणधर्मांत जाऊन डिजिटल सही मायक्रोसॉफ्टचीच हाय का बघा.

आणि ती मशीनं बाहेरच्या नेटपासून तोडून ठेवा. आतल्या नेटवर्कवर सर्व्हर दिसला म्हणजे पुरे.

जांबोटी_रोड

दादा, फाइल सापडली! सर्व्हरवरच 'सेटअप' नावाच्या फोल्डरात होती, आणि सहीही बरोबर आहे. एजमध्ये प्रोग्राम उघडला. साहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी परवानगीच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. बॅकअपही घेतला.

टिळकवाडी_तिसरं_गेट

उत्तम. आता झॅपकडे.

झॅप म्हणजे साधी झिप फाइल आहे. प्रत काढा, शेवटचं नाव बदलून झिप करा, उघडा. आत एक मॅनिफेस्ट, म्हणजे आतल्या फाइलींची यादी, दिसेल आणि बऱ्याच डीएलएल, म्हणजे तयार कोडच्या फाइली. मॅनिफेस्ट नोटपॅडमध्ये वाचा. त्यात रनटाइमची आवृत्ती असते, म्हणजे हा चौथ्यासाठी लिहिलाय की पाचव्यासाठी ते कळेल. सुरुवात कुठल्या डीएलएलपासून होते, तेही तिथेच लिहिलेलं असतं. शेजारी सर्व्हिस रेफरन्सेस नावाची क्लायंट-कॉन्फिग फाइल असेल. सर्व्हिसचा पत्ता तिच्यात आहे. उद्या सर्व्हर बदलला, तर हा एक पत्ता बदलून पुन्हा झिप करून झॅप केलं तरी भागतं. सोर्स कोड लागत नाही.

डीएलएल वाचायला आयएलस्पाय नावाचं मोफत, खुलं साधन आहे. ती डीएलएल त्यात टाका, सी शार्प समोर येईल. टिपा मिळणार नाहीत, आतल्या काही व्हेरिएबलची नावं बदललेली असतील, पण क्लास आणि मेथडची नावं मूळचीच राहतात. आणि इथे सिल्व्हरलाइटची एक मोठी सोय आहे. पडद्याची मांडणी ज्या झॅमलमध्ये लिहिलेली असते, ते झॅमल डीएलएलच्या रिसोर्समध्ये जसंच्या तसं, मजकुराच्या रूपात ठेवलेलं असतं. त्याच्या थोरल्या भावाने, विंडोजचे प्रोग्राम लिहायच्या डब्ल्यूपीएफने, ते बांधून बायनरी केलेलं असतं. इथे तसं नाही. तुमचे सगळे पडदे अक्षर न अक्षर परत मिळतील.

वाचायचा क्रम सांगतो. आधी अ‍ॅप क्लास. त्यात स्टार्टअप नावाचा इव्हेंट असतो, आणि तिथे रूट व्हिज्युअलला एक पान दिलेलं असतं, बहुतेक वेळा मेनपेज. मग त्या पानाचं झॅमल. त्यात ग्रिड, स्टॅकपॅनेल, टेक्स्टबॉक्स, डेटाग्रिड अशी एकात एक घातलेली टॅगं दिसतील. एचटीएमएल येतं त्याला हे एका बैठकीत वाचता येतं. मग त्याच पानामागची सी शार्प फाइल.

पण झॅमल वाचताना तुम्ही अडखळाल ती बाइंडिंगपाशी. टेक्स्टबॉक्सच्या मजकुराच्या जागी महिरपी कंसात बाइंडिंग आणि पुढे एक नाव, एवढंच लिहिलेलं असतं. मूल्य कुठून आलं ते दिसत नाही. ते येतं डेटा कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे त्या पानाला किंवा त्याच्या कुठल्या तरी बाहेरच्या टॅगला कोणता ऑब्जेक्ट चिकटवला आहे त्यावरून. आतल्या टॅगला स्वतःचा नसेल तर तो बाहेरच्याचा घेतो. डेटाग्रिडच्या ओळीत मात्र कॉन्टेक्स्ट त्या ओळीचा ऑब्जेक्ट असतो. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो: डेटाटेम्प्लेट म्हणजे पॅटर्न, आणि यादीतला प्रत्येक ऑब्जेक्ट त्यावरून निघालेलं कास्टिंग. पॅटर्न एकदाच लिहिलेला, नग हवे तेवढे.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, सिल्व्हरलाइटमध्ये बाइंडिंग मुळात एकेरी असतं. पडद्यावर टाइप केलेलं ऑब्जेक्टमध्ये परत जायला हवं असेल तर टू-वे असं स्पष्ट लिहावं लागतं. कुठली चौकट नुसती दाखवायची आणि कुठली भरायची, हे तुम्हाला त्यावरूनच कळेल. दोन, ऑब्जेक्टमधलं मूल्य बदलल्यावर पडदा आपोआप बदलतो, तो ऑब्जेक्टने 'प्रॉपर्टी बदलली' असा इव्हेंट सोडल्यामुळे. यादीसाठी हेच काम ऑब्झर्व्हेबल कलेक्शन करतं.

ही विचारपद्धत शिकण्यात तुमचं नुकसान अजिबात नाही. झॅमल आणि बाइंडिंग डब्ल्यूपीएफमध्ये आजही चालतं, मायक्रोसॉफ्टच्याच नव्या माउईमध्येही चालतं. जावास्क्रिप्टच्या नव्या फ्रेमवर्कमध्येसुद्धा डेटा आणि पडदा यांची सांगड घालण्याचा प्रश्न तोच आहे, लिहायची पद्धत तेवढी वेगळी.

मलप्रभा

काकांच्या म्हणण्याला एक जोड देते. सर्व्हरकडून माहिती आणायचा कोड वाचताना गोंधळ होईल. सिल्व्हरलाइटमध्ये सर्व्हिसला केलेली कुठलीही हाक थांबून राहत नाही. हीट मागवणाऱ्या मेथडच्या नावाला शेवटी 'असिंक' असतं, आणि उत्तर आल्यावर काय करायचं ते 'कम्प्लिटेड' या दुसऱ्या मेथडमध्ये असतं. कधी कधी या दोन मेथड फाइलमध्ये खूप लांब असतात. मी कागदावर बाण काढत वाचलं होतं, त्याचा फार उपयोग झाला.

सर्व्हिस दुसऱ्या मशीनवर किंवा नुसत्या दुसऱ्या पोर्टवर असेल, तर तिच्या सर्व्हरच्या मुळाशी क्लायंट-अ‍ॅक्सेस-पॉलिसी नावाची एक्सएमएल फाइल लागते. ती नसली की प्रोग्राम उघडतो पण माहिती येत नाही, आणि येणाऱ्या एररवरून काही बोध होत नाही. सर्व्हर हलवताना लोक नेमकी हीच फाइल न्यायला विसरतात.

सर्व्हिसच्या फोल्डरातल्या डीएलएलसुद्धा आयएलस्पायमध्ये उघडा. आणि डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला कोड, वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिशेबाचा अर्धा भाग तिथे असण्याची शक्यता मोठी आहे.

निपाणी_बसस्टँड

आणखी एक, जरा तातडीचं. जुनी मशीनं फॉरमॅट करायची घाई करू नका. सिल्व्हरलाइटला ज्याच्या त्याच्या मशीनवर स्वतःची बंदिस्त जागा मिळते, आयसोलेटेड स्टोरेज म्हणतात तिला. ब्राउझरात मुळात 1 एमबी, ब्राउझरबाहेर चालणाऱ्याला 25 एमबी. लाइट गेली, नेटवर्क तुटलं तर नोंदी तात्पुरत्या तिथं ठेवायच्या आणि नंतर सर्व्हरला पाठवायच्या, अशी सोय बऱ्याच जणांनी केलेली असते. कोडमध्ये आयसोलेटेड स्टोरेज हे नाव शोधा. सापडलं तर न पाठवलेल्या नोंदी त्या मशीनवर पडून हायत का ते आधी तपासा.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे किती आभार मानू. हे नाव कोडमध्ये आहे, पण त्यात फक्त शेवटचा लॉगिन आणि ग्रिडच्या रकान्यांची रुंदी ठेवली आहे. नोंदी नाहीत.

काका, तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये रिजेक्शन वजनावर काढलंय, आणि त्यात रनर-रायझरचं, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटेत गोठलेल्या जादा धातूचं, वजन वगळलंय. आमच्या अकाउंट्समध्ये एक्सेलवर जे रिजेक्शन काढतात त्यात ते धरलेलं आहे. म्हणूनच दोन्ही आकडे कधी जुळत नव्हते, आणि प्रोग्रामच चुकतो असं सगळे समजत होते. मेल्टिंगच्या मामांना विचारलं. ते म्हणाले, रनर-रायझर परत भट्टीत जातो, तो रिजेक्शनमध्ये धरायचाच नाही, हे आधीच्या फोरमननी ठरवून घेतलं होतं.

आता एक नवीन प्रश्न. शेऱ्याचा रकाना आहे, त्यात सुपरवायझर मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहितात. काही शेरे स्वच्छ दिसतात. काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं. आणि सर्वांत जुन्या नोंदींत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. एकाच रकान्यात असं कसं?

घटप्रभा

हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. आपल्या भागात प्रत्येक ऑफिसात तीन लिप्या एका टेबलात नांदतात, आणि प्रोग्राम लिहिणारा बहुतेक वेळा इंग्रजीवरच तपासून मोकळा होतो. तुमच्या रकान्यात दोन वेगवेगळे आजार आहेत. दोघांचं औषध वेगळं आहे, म्हणून सरसकट काही करू नका.

प्रश्नचिन्हं आधी घेऊ. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचा रकाना साध्या व्हारचार प्रकारचा असेल, तर त्यात देवनागरी किंवा कन्नड मावत नाही आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं जातं. रकाना एन-व्हारचार असूनही क्वेरीत मजकुराआधी 'एन' लावला नाही, तरी तेच होतं. म्हणजे एक पडदा बरोबर लिहितोय आणि दुसरा चुकीचा, असं शक्य आहे. कुठल्या पडद्यावरून भरलेल्या शेऱ्यांची प्रश्नचिन्हं झाली ते शोधा आणि त्या क्वेरीत सुधारणा करा. जे शेरे गेले ते गेले. प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत येत नाही. कागदी रजिस्टर जपून ठेवलं असेल तर त्यावरूनच भरावं लागेल.

इंग्रजी खिचडी दिसते तो मजकूर मात्र हरवलेला नाही. युनिकोड रुळायच्या आधी मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी असे फाँट वापरून टाइप करायचे. त्यात साठतं इंग्रजी चिन्ह आणि फाँट त्याला मराठी किंवा कन्नड रूप देतो. फाँट नसला की खिचडी. कोणत्या फाँटात टाइप केलं होतं हे जुन्या लोकांना विचारा, कारण प्रत्येकाची अक्षरमांडणी वेगळी आहे. नाव कळलं की परिवर्तक वापरून युनिकोड करता येतं. पण आधी थोड्याशा नोंदींवर करून बघा आणि मराठी वाचणाऱ्या, कन्नड वाचणाऱ्या माणसांकडून डोळ्यांनी तपासून घ्या. जोडाक्षरं आणि वेलांट्या इथेच मार खातात. 'सुऱ्या', 'वऱ्हाड', 'गाळ', 'क्षेत्र' हे शब्द मी नेहमी चाचणीला घेतो. त्यातला 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' नीट आला तर बाकीचं बहुतेक येतं. कन्नडसाठी ओत्तक्षरं, म्हणजे तिथली जोडाक्षरं, असलेले शब्द घ्या.

राहिलं पडद्यावर दिसणं. गुंतागुंतीच्या लिप्यांची जुळणी सिल्व्हरलाइटमध्ये चौथ्या आवृत्तीपासून आली. तुमचे काही शेरे स्वच्छ दिसतात, त्याअर्थी तुमची आवृत्ती चौथी किंवा पाचवी असणार. विंडोज 8 पासून निर्मला फाँट येतो, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. झॅमलमध्ये शेऱ्याच्या चौकटीला तो फाँट दिलात तर दोन्ही लिप्या एका जाडीच्या आणि वाचायला सोप्या दिसतील.

नवीन प्रोग्राम कराल तेव्हा शेऱ्याचा रकाना कृपा करून इंग्रजीपुरता ठेवू नका. भट्टीपाशी उभा असलेला माणूस ज्या भाषेत विचार करतो, त्याच भाषेत त्याला 'वाळू ओली होती' हे लिहिता आलं, तरच रिजेक्शनचं खरं कारण तुमच्यापर्यंत पोचेल.

चंदगडी

रनर-रायझरचा मुद्दा वाचला. काकांचं म्हणणं मला पटलं. हे न वाचता मी पडदे करायला घेतले असते, तर अकाउंट्सचंच सूत्र बरोबर धरलं असतं.

तरी पुढच्या मार्गाबद्दल माझं मत कायम आहे. एजचा तो मोड म्हणजे मुदतवाढ आहे, घर नाही. ताई, वाचन झालं की पुढे काय करणार?

मलप्रभा

त्यासाठी ओपनसिल्व्हरचा विचार करा असं मी म्हणेन. सिल्व्हरलाइटची हीच झॅमल आणि सी शार्पची रचना त्यांनी खुल्या सोर्समध्ये नव्याने लिहिली आहे. ती वेबअसेंब्लीवर, म्हणजे ब्राउझरमध्येच असलेल्या सोयीवर, चालते, त्यामुळे प्लग-इन लागत नाही. क्रोम, फायरफॉक्स, मोबाइल, सगळीकडे उघडतं. पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2021 मध्ये आली, म्हणजे मूळ सिल्व्हरलाइटचा आधार संपला त्याच महिन्यात. व्हिज्युअल स्टुडिओ 2022 मध्ये काम करता येतं. मूळ सिल्व्हरलाइटचे प्रोजेक्ट व्हिज्युअल स्टुडिओ 2015 नंतर उघडतच नाहीत, हाही विचार करा.

सगळं आपोआप होतं असं मात्र समजू नका. आयएलस्पायमधून निघालेला कोड थेट बिल्ड होत नाही, हाताने निस्तरावा लागतो. आलेख कशात केलेत ते बघा. झॅपमध्ये डेटा-व्हिज्युअलायझेशन-टूलकिट नावाची डीएलएल असेल तर ते मायक्रोसॉफ्टच्या खुल्या टूलकिटचे आहेत. विकत घेतलेले कंट्रोल असतील तर तेवढा भाग बदलावा लागेल. पहिल्यांदा पान उघडायला वेळही लागतो, कारण सगळं रनटाइम उतरवावं लागतं. आतल्या नेटवर्कवर तो फारसा जाणवत नाही.

टिळकवाडी_तिसरं_गेट

पडदे किती आहेत त्यावर ठरवा. मोजके असतील तर चंदगडीभाऊ म्हणतात तसं एचटीएमएलमध्ये नव्याने केलेलं बरं. पुढे तुमच्या जागी येणाऱ्याला ते सांभाळणं सोपं जाईल, आणि बेळगावात तो माणूस मिळेलही. पडदे खूप असतील आणि प्रत्येकामागे असे हिशेब लपलेले असतील, तर ओपनसिल्व्हर. कुठलाही मार्ग घेतलात तरी जुना आणि नवा निदान एक पूर्ण महिनाअखेर शेजारी शेजारी चालवा आणि प्रत्येक रिपोर्टचे आकडे ताडून बघा. जुना त्याआधी बंद करू नका.

जांबोटी_रोड

पडदे मोजले. भरायचे थोडेच आहेत, रिपोर्ट मात्र खूप. साहेबांशी बोलून ठरवलं की भरायचे पडदे एचटीएमएलमध्ये करायचे आणि रिपोर्ट सध्या आहेत तसे एजमध्ये चालू ठेवायचे. स्टोअर्ड प्रोसिजर तीच वापरणार, म्हणजे सूत्र एकाच जागी राहील. प्रत्येक सूत्राचा एक कागद करून त्यावर मामांची आणि साहेबांची सही घेते आहे.

एक शंका राहिली. ओतण्याची तारीख टेक्स्टबॉक्समध्ये भरतात. काही रिपोर्टमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर येतो. विंडोजचं सेटिंग भारताचं आहे, मी स्वतः तपासलं. मग हे कशामुळे?

टिळकवाडी_तिसरं_गेट

ताई, हे फार महत्त्वाचं सापडलंय तुम्हाला. सिल्व्हरलाइटमधलं बाइंडिंग तारीख आणि आकडे दाखवताना विंडोजचं सेटिंग बघत नाही. ते त्या पानाची लँग्वेज प्रॉपर्टी बघतं, आणि ती सांगितली नसेल तर अमेरिकन इंग्रजी धरते. उपाय एका ओळीचा आहे: पान सुरू होताना लँग्वेजला चालू कल्चरचं, म्हणजे विंडोजमध्ये निवडलेल्या भाषा-प्रांताचं, नाव द्यायचं.

पण नुसतं दिसण्यावर थांबू नका. तो टेक्स्टबॉक्स टू-वे आहे का बघा. असेल तर भरतानाही अमेरिकन पद्धतच लागू झाली आहे. 13 ऑगस्ट कोणी 13/08 असा टाकला की तेरावा महिना नसल्याने चौकट लाल होते आणि माणूस दुरुस्त करतो. पण 5 ऑगस्ट 05/08 असा टाकला तर तो 8 मे म्हणून साठतो, काही आवाज न करता. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या 12 तारखांच्या नोंदी संशयित आहेत. त्यातल्या दिवस आणि महिना एकच असलेल्या तेवढ्या सुटल्या.

जांबोटी_रोड

टू-वेच आहे, काका. हीट नंबर ओळीने वाढत जातात, म्हणून नंबरच्या क्रमाने लावून तारखा बघितल्या. ऑगस्टच्या हीटमध्ये मध्येच मे, जून आणि फेब्रुवारी येतात. स्पेक्ट्रोच्या छापील रिपोर्टवर यंत्राची तारीख असते आणि ते सगळे फाइलला लावलेले आहेत. आधी लँग्वेजची ओळ घालून नवीन नोंदी बरोबर जातात याची खात्री करते, मग बॅकअप घेऊन त्या कागदांवरून जुन्या तारखा एकेक करून दुरुस्त करायला बसते. मामांनी फाइली काढून द्यायचं कबूल केलंय.